कव्हर घातलेले पुस्तक आणि कथावाचनाचा आनंद



गोष्ट १९९३ सालची. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आम्ही शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलकडे वळलो. तेथे बाबुराव बागूल यांचा एक कथासंग्रह हाती लागला. नाव होते 'जेव्हा मी जात चोरली होती'. १९६३ साली प्रथम निघालेले हे पुस्तक. त्याच्याविषयी ऐकून होतो, वाचले मात्र नव्हते. खिशात गाडीभाड्यापुरते पैसे ठेवून ते विकत घेतले. रात्री विरारला घरी आलो आणि पोरांच्या वह्यांना घालतात तसे वर्तमानपत्राचे कव्हर त्या पुस्तकाला घातले.

बायकोने विचारले, "नवं आहे, खराब होईल म्हणून घातलंत का?"

मी हो म्हणालो. ते खरे नव्हते.

त्याच्या दोन वर्षे आधी आम्ही नायगावच्या चाळीतून विरारला राहायला आलो होतो. चाळीत एका खोलीत तीन बिऱ्हाडे. भावाचे लग्न झाले, आणि आम्हाला बाहेर पडणे भाग होते. मुंबईत जागा परवडेना, विरारला परवडेल असे सगळे सांगत. पाणी टँकरचे, रस्ते कच्चे, पण डोक्यावर स्वतंत्र छप्पर. खोली भाड्याने घेताना घरमालकाने आडनाव विचारले, गाव विचारले. आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्याने मनाशी काहीतरी धरले आणि मान हलवली. मी त्याचा समज दूर केला नाही. सामान लावताना बाबासाहेबांचा फोटो पुढच्या खोलीत न लावता आत स्वयंपाकघरात लावला. आईने एकदा माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही.

मग त्या पुस्तकाचे नाव डब्यात चारचौघांना दिसू नये असे मला का वाटले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

एका प्रवासात एक कथा

मी तेव्हा लोअर परळच्या एका कारखान्यात फिटर होतो. पहिली पाळी. विरारहून सुटणारी गाडी म्हणून पहाटे बसायला मिळायचे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. १२ एप्रिल १८६७ रोजी या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी विरारहूनच मुंबईला गेली. तेव्हा दिवसाला जायला एक आणि यायला एक गाडी. या दीडशे वर्षांत विरारच्या किती माणसांचे अर्धे आयुष्य या डब्यांत गेले असेल! कोणी भजन करते, कोणी पत्ते खेळते, बायका भाजी निवडतात, कोणी उभ्या उभ्या झोपतो. आताशा बहुतेकांची मान मोबाईलवर झुकलेली असते.

मी कथा वाचू लागलो. कादंबरीचे आणि माझे जमत नसे. चार दिवस वाचावी, मग ओव्हरटाइम लागावा, आठ दिवसांनी उघडावी तर कोण कोणाचा कोण हेच आठवू नये. कादंबरी म्हणजे बिऱ्हाड मांडण्यासारखे आहे. तिला सवड लागते. कथा म्हणजे घरी आलेला पाहुणा. ओट्यावर बसतो, कपभर चहा घेतो, दोन गोष्टी बोलतो आणि उठतो. पण जाताना असे काही बोलून जातो की रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच आठवत राहावे. विरारला सुरू केलेली कथा अंधेरीच्या आत संपते. राहिलेल्या वाटेत खिडकीबाहेर पाहत तिचा विचार करता येतो. हा दुसरा भागच मला जास्त आवडायचा. कष्टकरी माणसाजवळ वेळ थोडा असतो. पण त्या थोड्या वेळात पूर्ण झालेली एक गोष्ट हाती येते, याचे समाधान मोठे असते. कारखान्यात आमच्या हातून एक भाग तयार होई, पूर्ण यंत्र कधी दिसत नसे. कथा मात्र पूर्ण मिळायची.

आपली माणसे कथेत भेटतात

शाळेत आम्ही कथा वाचल्या होत्या. त्यांत वाडा असे, अंगणात तुळस असे, आजोबा झोपाळ्यावर बसलेले असत. कथा वाईट नव्हत्या. पण त्यांत आपल्यासारखे घर कधी दिसले नाही, आणि दिसले तर दाराबाहेर उभे असलेले दिसले. म्हणून अण्णाभाऊ साठे वाचले तेव्हा मी चकित झालो.

वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. मुंबईत मिळेल ते काम केले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि तेथेच बसून लिहिले. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा ज्याने वाचली नसेल त्याने ती आजच मिळवावी. पोटासाठी मुंबईला आलेला भीमा उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. घरी बायको आहे, लहान मुलगी आहे. मग हा धिप्पाड माणूस मढ्यांच्या राखेत सोन्याचे कण शोधू लागतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण किळस येत नाही. कारण अण्णाभाऊ भीमाला हिणवत नाहीत. जिवंत माणसाला काम देत नाही ती मुंबई मेलेल्याच्या तोंडात सोने ठेवते, एवढेच ते दाखवतात.

बंधुमाधव यांची विषारी भाकरीची कथाही अशीच. दिवसभर पाटलाच्या खळ्यावर राबलेला म्हातारा, त्याच्या पदरात पडलेले शिळे, शेणामुताने खराब झालेले तुकडे आणि हे सारे पाहणारा शिकलेला नातू. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली आपल्या साहित्याचा मोठा संग्रह इंग्रजीत संपादित केला, तेव्हा त्या ग्रंथाला याच कथेचे नाव दिले. शंकरराव खरात यांच्या कथांत तराळकी करणारा, सांगावा घेऊन गावोगाव धावणारा माणूस भेटतो. हेच खरात १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या माणसांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते त्यांची गोष्ट लिहिणारा माणूस मराठी साहित्याच्या मुख्य मंचावर बसला.

आपल्या विरारकरांना जवळची वाटेल अशी आणखी एक कथा आहे, वामन होवाळ यांची 'मजल्याचं घर'. मुंबईत उभे आयुष्य नोकरी केलेला बयाजी निवृत्त होऊन गावी जातो. गाठीला थोडा पैसा आहे. मनात एकच इच्छा, मजल्याचे घर बांधावे. गावच्या पाटलाला हे सहन होत नाही. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. शेवट स्वतः वाचणे हा तुमचा हक्क आहे. एक-एक वीट जोडून खोली घेतलेल्या माणसाने ही कथा वाचली, तर शेवटच्या पानावर त्याची छाती भरून येईल, एवढेच सांगतो.

आणि माता-भगिनींनी ऊर्मिला पवार यांच्या कथा वाचाव्यात. 'सहावं बोट' हा त्यांचा संग्रह १९८८ सालचा, 'चौथी भिंत' १९९० सालचा. 'कवच' नावाच्या त्यांच्या कथेत आंबे विकणारी आई आहे. लोक तिला दुहेरी अर्थाने बोलतील या विचाराने तिचा शाळकरी मुलगा शरमून गेलेला असतो. पण आई गप्प बसणाऱ्यांतली नाही. विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात पाट्या घेऊन चढणाऱ्या बायांना ही आई चांगली ओळखीची वाटेल.

दुःखाच्या कथा, मग आनंद कसला?

काही कार्यकर्ते बंधू विचारतात, "कथा वाचून काय मिळणार? वाचायचे तर विचारांचे ग्रंथ वाचा." ग्रंथ वाचलेच पाहिजेत. बाबासाहेबांनी तर पुस्तकांसाठी राजगृह बांधले. आणखी कोणी विचारतात, "या सगळ्या कथा दुःखाच्या. दिवसभर राबून आल्यावर पुन्हा तेच कशाला?"

याचे उत्तर मला एका रशियन कथेत सापडले. अंतोन चेखव हा डॉक्टर होता. त्याचे आजोबा जमीनदाराचे भूदास होते. पैसे भरून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली होती. चेखवने १८८६ साली एक छोटी कथा लिहिली. बर्फात घोड्याची गाडी चालवणारा एक म्हातारा आहे. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. त्याला ते कोणाला तरी सांगायचे आहे. गाडीत एकामागून एक गिऱ्हाईक बसते. तो सुरुवात करतो, पण ऐकायला कोणी तयार नाही. कोणी त्याला घाई करतो, कोणी शिव्या देतो. शेवटी रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीला सगळे सांगतो.

कथा एवढीच. पण वाचून मला वाटले, आमच्या डब्यात रोज शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, त्यांतले किती जण असे घोडी शोधत असतील! कथा वाचणे म्हणजे त्या गाडीवाल्याचे ऐकणे. आणि आपल्या माणसांच्या कथा वाचणे म्हणजे आपलेही कोणीतरी ऐकले आहे, नीट ऐकून लिहून ठेवले आहे, हे कळणे. त्या दुःखातला आनंद तो हा. जे आपण लपवत होतो ते छापील पानावर, शुद्ध अक्षरांत, मान ताठ करून उभे असते.

आईचे वाचन

माझी आई सातारकडची. शाळेची पायरी चढली नव्हती. मुंबईला आल्यावर कांदिवलीकडे खडी फोडायला जात असे. एका रविवारी मला बरे नव्हते म्हणून बायको माझ्या उशाशी बसून 'स्मशानातील सोनं' मोठ्याने वाचू लागली. आई तांदूळ निवडत होती. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. कथेच्या शेवटी भीमाची दोन बोटे जातात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. पहाड फोडणारी ती बोटे आता नाहीत म्हणून तो लहान मुलासारखा रडतो. तेथे कथा संपते.

आईने विचारले, "आन् त्याच्या बायकूचं, पोरीचं फुडं काय झालं?"

बायको म्हणाली, "पुस्तकात नाही दिलेलं, आई."

"पुस्तकात नसंल. पर झालंच आसंल की काय तरी!"

त्या रात्री आईने आम्हाला तिच्या खाणीतल्या एका बाईची हकिगत सांगितली. नवऱ्याचा हात सुरुंगात गेल्यावर त्या बाईने पाटी उचलून तीन पोरे कशी वाढवली त्याची. आम्हाला तिच्या तोंडून ती कधी ऐकायला मिळाली नव्हती. पुढे दर रविवारी आमच्या घरी एक कथा वाचली जाई आणि तिच्यामागून आईची एक कथा ऐकायला मिळे. अक्षर न येणारी माझी आई वाचक झाली, ती अशी.

बाजूच्या स्टेशनाची कथा

कथा ऐकणे आपल्याला नवीन नाही. विरारच्या आधीचे स्टेशन नालासोपारा. प्राचीन काळचे शूर्पारक बंदर ते हेच. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खोदला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. 'दिव्यावदान' या जुन्या बौद्ध ग्रंथात याच गावच्या पूर्णाची कथा आहे, आणि ती मी पोरांना पुष्कळदा सांगितली आहे.

पूर्ण हा सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बापामागे वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी त्याला वाटेकरी धरले नाही. एके दिवशी त्याला लाकडाची मोळी नेणारा एक माणूस दिसला. ऊन असूनही तो थंडीने कुडकुडत होता. पूर्णाने ओळखले, मोळीत अस्सल चंदन आहे. त्याने ते विकत घेतले. पुढे राजाला दाहज्वर झाला, त्यावर त्याच चंदनाचा उतारा पडला आणि दासीपुत्र पूर्ण धनवान झाला. तरी तो तेवढ्यावर थांबला नाही. बुद्धांकडे जाऊन भिक्खू झाला आणि तापट लोकांच्या प्रदेशात धम्म सांगायला निघाला. लोक शिव्या देतील, मारतील, असे बुद्धांनी विचारले तेव्हा त्याने प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर दिले.

पोरांना त्यातले चंदन आवडायचे. आईला मात्र एकच गोष्ट भावली होती. ती म्हणायची, "दाशीचा पोरगा हुता, आन् त्ये पुस्तकात लपीवलं न्हाई बघ."

कव्हर निघाले

बागुलांच्या त्या कथेत एक तरुण नोकरीसाठी उधन्याला जातो. उधना म्हणजे आपल्याच पश्चिम रेल्वेवरचे, सुरतेच्या अलीकडचे स्टेशन. विरारहून जाणारी लाइन पुढे तेथेच पोचते. नोकरी मिळते, पण राहायला जागा हवी. लोक त्याला वरच्या जातीचा समजतात आणि तो त्यांना तसे समजू देतो. पुढे गुपित फुटते, त्याला मारहाण होते. आपल्यातलाच काशिनाथ नावाचा कामगार त्याला वाचवतो. हा काशिनाथ काही लपवत नाही. ही कथा मी बोरिवलीच्या आसपास संपवली आणि लोअर परळपर्यंत पान मिटून बसलो. गुडघ्यावर पुस्तक, त्याला मी घातलेले कव्हर. बागुलांनी तीस वर्षांपूर्वी माझी खोली पाहून ठेवली होती असे वाटले.

शेजारी बसणाऱ्या सहप्रवाशाने विचारले, "काय वाचता रोज? कव्हर घातलंय, नाव दिसत नाही."

मी कव्हर काढले आणि पुस्तक त्याच्या हातात दिले. त्याने नाव वाचले. माझ्याकडे पाहिले. "वाचून देऊ का?" म्हणाला. आठ दिवसांनी परत दिले तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे हे कोणी सांगितलंच नाही कधी." नंतर त्याने आणखी चार पुस्तके नेली.

त्याच संध्याकाळी बाबासाहेबांचा फोटो पुढच्या खोलीत, दार उघडले की समोर दिसेल असा लावला. आईने हार घातला. घरमालक भाडे न्यायला आला तेव्हा उंबऱ्यातच थांबला. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर त्याने तो वाढवला नाही. कारण त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पोरांची शाळा जवळ होती ती लांब पडली, बायकोला पाणी भरायला दूर जावे लागले. तेव्हा मनात आले, कव्हर राहू दिले असते तर? पण दुसरी खोली घेताना मी घरमालकाला आधीच सारे सांगितले, आणि त्या घरात आम्ही अकरा वर्षे राहिलो.

एका कथेने आमचे भाडे वाढवले, हे खरे. पण घरात कुजबुजत बोलायची सवय तिनेच मोडली.

घरात एक तरी कथासंग्रह

आज मी सेवानिवृत्त आहे. आई नाही. नात मोबाईलवर कथा वाचते, कधी मला ऐकवते. मोबाईलवर वाचा, पुस्तकात वाचा, पण वाचा. माझ्या अनुभवावरून दोन-चार गोष्टी सुचवतो.

आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी जेवणाआधी अर्धा तास टीव्ही बंद ठेवून घरातल्या एकाने एक कथा मोठ्याने वाचावी. पोरांची पाळी लावा, म्हणजे त्यांचे वाचन सुधारते आणि उच्चारही. कथा संपली की लगेच तात्पर्य विचारू नका. परीक्षा घेतल्यासारखे झाले की आनंद जातो. "तू तिथं असतास तर काय केलं असतंस?" एवढेच विचारा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना आवर्जून बसवा. त्यांच्याजवळ पुस्तकात नसलेल्या कथा आहेत, आणि त्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. जमल्यास लिहून ठेवा. विहारात वंदनेनंतर महिन्यातून एकदा कथावाचन ठेवता येईल. त्याला खर्च नाही, मंडप नाही, लाऊडस्पीकर नाही. आणि ६ डिसेंबरला दादरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला जाल तेव्हा कॅलेंडर आणि फोटोबरोबर एक कथासंग्रहही घरी आणा.

फक्त एक करा. त्या पुस्तकाला कव्हर घालायचे असेल तर पारदर्शक घाला. नाव दिसले पाहिजे.

जयभीम!